कराचीला न पोचलेलं जहाज

माझं सगळं लहानपण ‘विमानतळ येणार’ या वाक्याखाली गेलं. आमचं गाव खेड तालुक्यात, चाकणच्या वरच्या अंगाला. पुण्याचा नवा विमानतळ चाकणला होणार, मग राजगुरुनगरकडे होणार, मग या गावात नाही त्या गावात होणार, असं वर्षानुवर्षं चालू होतं. दादा, म्हणजे माझे वडील, दर उन्हाळ्यात विहीर खणायची म्हणत आणि थांबत. जमीनच जाणार असेल तर विहिरीत पैसा कशाला घाला? २०१६ साली ठरलं की विमानतळ पुरंदरला. आमच्याकडे काही जणांनी पेढे वाटले, काही जण दोन दिवस बोलले नाहीत.

त्यामुळे कराचीच्या ‘काळ्या छपरा’बद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते घरचंच प्रकरण वाटलं.

१९२०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिशांनी कराचीबाहेर द्रिघ रोडजवळ एक लोखंडी शेड उभी केली. लांबी सुमारे ८५० फूट, रुंदी १८०, उंची १७०. क्रिकेटच्या तेरा खेळपट्ट्या एकापुढे एक टाकल्या तर होईल इतकी लांब आणि वाकडमधल्या सोळा-सतरा मजली इमारतीएवढी उंच. आजूबाजूला मोकळं रान. गाव तिला काळा छपरा म्हणायचं. ही शेड एका जहाजाची वाट बघत होती. समुद्रातल्या नव्हे, हवेतल्या.

आणि हे परमुलखातलं काही नव्हतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीची शेड आणि आमचं खेड एकाच गव्हर्नरच्या हद्दीत. तो गव्हर्नर होता सर फ्रेडरिक साइक्स, आणि गंमत म्हणजे गडी स्वतः विमानवाला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या नागरी हवाई खात्याचा तो पहिला प्रमुख होता. पावसाळ्यात त्याचा मुक्काम गणेशखिंडीतल्या बंगल्यात, म्हणजे आज जिथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे. चाकणहून शिवाजीनगरला जाताना पीएमपीच्या खिडकीतून ते आवार दिसतं.

आता हवेतलं जहाज म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण एअरशिप म्हटलं की बहुतेकांना फुगा आठवतो. वाढदिवसाच्या फुग्यातली हवा गेली की तो चिरगुटासारखा लोंबतो. जाहिरातीचे मोठे फुगे तसेच. पण जर्मनीतल्या काउंट झेपेलिनने १९०० साली जे उडवलं त्याला आत धातूचा सांगाडा होता. कड्या, लांब पट्ट्या, तारा, वर कापडाचं कव्हर आणि आत वेगवेगळ्या कप्प्यांत गॅसच्या पिशव्या. एक पिशवी फाटली तरी आकार तसाच राहतो. सांगाडा असल्यामुळे जहाज वाटेल तेवढं लांब करता येतं, आणि लांब केलं की गॅस जास्त, गॅस जास्त की वजन जास्त उचलतं. हायड्रोजनचा एक घनमीटर साधारण एक किलोच्या थोडं वर उचलतो. सगळा खेळ या एका किलोचा आहे. प्रत्येक खुर्ची, प्रत्येक बोल्ट त्या किलोतून वजा होतो.

त्या काळची विमानं आठवा. लंडन ते कराची प्रवासी विमानसेवा मार्च १९२९ मध्ये सुरू झाली. सात दिवस लागायचे, मध्येच रेल्वेत बसावं लागायचं, रात्री मुक्काम, कानठळ्या बसवणारा आवाज. आगबोटीने मुंबई गाठायची तर दोन-तीन आठवडे. एअरशिप म्हणत होती की जेवा, झोपा, उठा, आणि पाच दिवसांत कराची. झोपायच्या खोल्या, जेवणाचा हॉल, खाली जमीन बघायला सज्जा. तीही थाप नव्हती. महायुद्धापूर्वी जर्मन कंपनीने एअरशिपमधून दहा हजारांवर तिकीटवाले प्रवासी फिरवले होते, एकही दगावला नव्हता. १९२९ साली ‘ग्राफ झेपेलिन’ प्रवासी घेऊन एकवीस दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. म्हणजे ही कल्पना वेडगळ होती असं आज हसून म्हणणं सोपं आहे, पण १९२९ साली शहाण्या माणसानेही पैज विमानावर लावली नसती.

ब्रिटिश सरकारने १९२४ साली दोन जहाजं बांधायला काढली. आर-१०० खासगी कंपनीकडे, आर-१०१ सरकारी कारखान्यात, इंग्लंडमधल्या कार्डिंग्टन गावी. साम्राज्य जोडायचं, इजिप्त, भारत, कॅनडा, पुढे ऑस्ट्रेलिया. या योजनेमागे हवाई मंत्री होता ख्रिस्तोफर बर्डवुड थॉमसन. पुढे लॉर्ड झाल्यावर त्याने नावापुढे गाव लावलं तेही कार्डिंग्टन. हा माणूस जन्मला मात्र नाशिकला, १८७५ साली, लष्करी अधिकाऱ्याच्या घरात. पुढचा व्हाइसरॉय हाच असंही तेव्हा बोललं जात होतं. जन्मभूमीला आकाशातून यायचं, तेही स्वतः बांधायला लावलेल्या जहाजातून, हा मोह मी तरी समजू शकतो.

इथून पुढे सगळं वजनाचं आहे. आणि वजनात आपलं ऊन आहे.

भारत म्हणजे उष्ण मुलूख. इंजिनिअरांना भीती वाटली की कराचीच्या उन्हात पेट्रोलची वाफ होईल आणि हायड्रोजनच्या पोटाखाली भडका उडेल. म्हणून आर-१०१ ला डिझेल इंजिनं द्यायचं ठरलं. त्या काळी हलकं डिझेल इंजिन असं काही नव्हतंच. जे मिळालं ते रेल्वेच्या इंजिनावरून बेतलेलं. पाच इंजिनं मिळून सतरा टन. त्यातलं एक तर सुरुवातीला फक्त जहाज मागे घेण्यापुरतं होतं. म्हणजे रिव्हर्स गिअर म्हणून एक अख्खं इंजिन उचलून फिरायचं. आर-१०० ने साधी पेट्रोल इंजिनं ठेवली, म्हणून त्याला भारताचा रस्ता बंद. ते १९३० च्या जुलैअखेर कॅनडाला गेलं आणि ऑगस्टमध्ये सुखरूप परत आलं.

ऊन दुसऱ्या बाजूनेही खातं. हवा तापली की पातळ होते, पातळ हवेत जहाज कमी उचललं जातं. ढोबळ हिशेब असा की दर तीन अंशांना एक टक्का गेला. आर-१०१ ची एकूण उचल १६५ टनांच्या आसपास. इंग्लंडच्या १५ अंशांवरून कराचीच्या ३५ वर आलं की दहा-अकरा टन गायब. म्हणजे जहाज जिथे जाण्यासाठी बांधलं तिथूनच परत उठायला त्याला सगळ्यात जास्त कष्ट.

१९२९ च्या शरदात पहिल्या उड्डाणांनंतर आकडे समोर आले. साठ टन माल, इंधन आणि माणसं उचलेल असं गणित होतं, प्रत्यक्षात पस्तीस. मग काटछाट सुरू. खोल्या कमी केल्या, काचांच्या जागी हलकं पारदर्शक प्लास्टिक लावलं. गॅसच्या पिशव्यांना बांधून ठेवणाऱ्या तारा सैल केल्या, म्हणजे पिशव्या जास्त फुगतील. या पिशव्या बैलांच्या आतड्याच्या पातळ पडद्याच्या असत, लाखो तुकडे एकमेकांना चिकटवलेले, कार्डिंग्टनच्या बायका हे काम करत. तारा सैल झाल्यावर पिशव्या फुगून सांगाड्याच्या धारांना, नट-बोल्टांना घासू लागल्या. भोकं पडू लागली. उपाय म्हणून जिथे घासतंय तिथे कापडी पॅड बांधले. एक-दोन नव्हे, हजारो.

इथे फ्रेडरिक मॅकवेड येतो. कार्डिंग्टनमधला हवाई तपासणी खात्याचा इन्स्पेक्टर. आपल्या भाषेत क्वालिटीवाला.

मी स्वतः क्वालिटीवाला आहे. चाकण एमआयडीसी, गाड्यांचे ब्रॅकेट. त्यामुळे हे प्रकरण मी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या नजरेने वाचलं, हे आधीच सांगून टाकतो.

३ जुलै १९३० ला मॅकवेडने वरिष्ठांना पत्र लिहिलं. म्हणणं असं की पॅड हा उपाय नाही. पॅड सुटतील, त्यांच्याखाली ओल धरून सांगाडा गंजेल आणि गंज दिसणारही नाही कारण वर पॅड आहे. हे नीट होईपर्यंत परवान्याची मुदत वाढवायची शिफारस मी करणार नाही. नेहमीच्या वाटेने हे पत्र वर जायला हवं होतं. पण वरिष्ठाने ते विंग कमांडर कोलमोर याच्याकडे पाठवलं, म्हणजे ज्याच्या कामाबद्दल तक्रार त्याच्याचकडे. कोलमोरने कळवलं की पॅडने भागेल. पत्र तिथेच थांबलं.

ज्याने कधी शॉपमध्ये काम केलंय त्याला या परिच्छेदात नवीन काहीच नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका लॉटमध्ये भोकाचं अंतर मापाबाहेर निघालं, थोडंसंच. मी लॉट लाल पट्टीच्या मागे ठेवला. दुपारी फोन, संध्याकाळी मीटिंग. ग्राहकाची लाइन थांबेल, मग दंड. रात्री आठ वाजता माझ्यापुढे डेव्हिएशनचा कागद आला, एवढ्या नगांपुरतं चालवून घ्या असा. खाली तीन सह्या झालेल्या होत्या, चौथा रकाना माझा. मी सही केली. काहीच झालं नाही. एक तक्रार आली नाही. आणि त्यानंतरचा कागद जेव्हा आला तेव्हा मी पहिल्याइतका वेळ घेतला नाही, हे मला मॅकवेड वाचल्यावर लक्षात आलं.

कार्डिंग्टनला तोवर जहाज मधून कापून नवा कप्पा घालायचं काम सुरू झालं. लांबी ७७७ फूट झाली. बाहेरचं कापड कुजल्यामुळे बरंचसं बदललं, पुढच्या भागातलं काही जुनंच राहिलं. तारीख मात्र आधीच ठरलेली. लंडनमध्ये साम्राज्य परिषद भरलेली होती, २० ऑक्टोबरच्या सुमारास थॉमसनला भारतातून परत येऊन त्या परिषदेत उभं राहायचं होतं. १ ऑक्टोबरला बदललेल्या जहाजाचं एकच चाचणी उड्डाण झालं, सतरा तासांचं. एका इंजिनाचा ऑइल कूलर बिघडला म्हणून पूर्ण वेगाची चाचणी राहिली. ती भारताच्या वाटेवर उरकायचं ठरलं. उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र निघण्याच्या तोंडावर हातात पडलं.

याला आमच्याकडे कंडिशनल अप्रूव्हल म्हणतात.

४ ऑक्टोबर १९३०, शनिवार, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आर-१०१ निघालं. चौपन्न माणसं. बेचाळीस कर्मचारी, बाकी पाहुणे आणि अधिकारी. थॉमसन होता, नागरी हवाई खात्याचा प्रमुख ब्रँकर होता, डिझाइन करणारा रिचमंड होता, कोलमोरही होता. ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या ते जवळपास सगळे आत होते, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं. इजिप्तमध्ये इस्माइलियाला जहाज खांबाला बांधून वरच मोठी मेजवानी द्यायची होती, त्याचं सामान, गालिचे, थॉमसनच्या बॅगा, सगळं वजनात. हवामान बिघडत चाललं होतं, पाऊस आणि वारा.

रात्री जेवणं झाली. हायड्रोजनखाली चालणाऱ्या या जहाजात सिगारेट ओढायची एक बंदिस्त खोलीही होती, पाहुण्यांनी तिथे सिगार ओढले आणि झोपायला गेले, असा बिनतारी संदेश कार्डिंग्टनला आला. रात्री दोनला पाळी बदलली. मागच्या इंजिनावर बेल नावाचा कामगार होता, त्याला सोडवायला यायचा बिंक्स काही मिनिटं उशिरा आला. दोघं तिथेच बोलत उभे असताना जहाजाने नाक खाली घातलं, सावरलं, पुन्हा घातलं. फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळच्या टेकाडावर ते टेकलं, टेकलं म्हणण्याइतकंच हळू. मग पेटलं. बेल आणि बिंक्स यांच्या डोक्यावरची पाण्याची टाकी फुटून दोघं चिंब झाले म्हणून वाचले. एकूण सहा वाचले. अठ्ठेचाळीस गेले. त्या काळच्या कापडाला आणि हायड्रोजनला जळायला फार वेळ लागत नाही. सकाळी माळावर फक्त सांगाडा उरला होता, जवळपास अखंड.

त्याच पहाटे पिंपरीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर येरवड्याच्या तुरुंगात गांधी होते, मिठाच्या सत्याग्रहानंतर मे महिन्यापासून. ज्या साम्राज्याला जवळ आणायला हे जहाज निघालं होतं, ते साम्राज्य इकडे हजारो लोकांना कोठडीत घालत होतं. पाच दिवसांत भारतात पोचायची घाई कुणाला होती, हे तारखांवरून कळतं. ते जहाज यावं म्हणून इथल्या कुणी अर्ज केला नव्हता.

चौकशीच्या प्रमुखाचं नाव वाचून मी मोबाइल खाली ठेवला. सर जॉन सायमन. हो, तोच. शाळेत ‘सायमन परत जा’ म्हणून पाठ केलेला. १९२८ साली तो भारताचं भवितव्य तपासायला आला आणि काळ्या झेंड्यांतून परत गेला. १९३१ च्या मार्चमध्ये त्याने भारतात न पोचलेल्या जहाजाचा अहवाल दिला. निष्कर्ष असा की पुढच्या भागातलं कापड फाटून पिशवीतला गॅस गेला असावा. आणि पुढे अगदी जपून लिहिलं की सार्वजनिक धोरणाची कारणं नसती तर जहाज त्या संध्याकाळी निघालं नसतं. बाकी अहवाल तांत्रिक आहे. हे एक वाक्य तारखेबद्दल आहे.

माझं मत विचाराल तर थॉमसन खलनायक नव्हता. त्याने कुणाला उडा म्हणून दरडावलं असं दिसत नाही. उलट सुरक्षेशी तडजोड नको असंही तो म्हणाल्याची नोंद आहे. पण तो वारंवार तारीख विचारत होता. आमच्याकडेही कुणी ‘खराब माल पाठव’ म्हणत नाही. ‘कधी निघतोय?’ एवढंच विचारतात.

नंतरचं भरभर सांगतो. आर-१०० चांगलं होतं, कॅनडा करून आलेलं. तरी ते मोडून भंगाराच्या भावात विकलं. ब्रिटनने एअरशिपचा नाद सोडला. जर्मन मात्र दक्षिण अमेरिकेला नियमित फेऱ्या मारत राहिले. ‘ग्राफ झेपेलिन’ने ५९० उड्डाणं केली, एकाही प्रवाशाला इजा नाही. मग ६ मे १९३७ ला ‘हिंडेनबर्ग’ अमेरिकेत उतरताना पेटलं, ३६ जण गेले, आणि ते चित्रीकरण जगाने पाहिलं. आर-१०१ मध्ये त्याहून जास्त माणसं मेली, पण तिथे कॅमेरा नव्हता, म्हणून आज यूट्यूबवर तुम्हाला हिंडेनबर्गच सापडतं.

द्रिघ रोडला शेड तशीच उभी. १५ ऑक्टोबर १९३२ ला तिथल्याच धावपट्टीवरून एक छोटं पस मॉथ विमान उडालं. एकच इंजिन, जेमतेम पंचवीस किलो टपाल, प्रवासी नाही. चालवणारा जेआरडी टाटा. अहमदाबाद करत तो दुपारी जुहूच्या मैदानात उतरला. ७७७ फुटांचं जहाज जिथे आलं नाही तिथून हे निघालं. त्याच जेआरडींच्या अध्यक्षतेखाली १९६०च्या दशकात टेल्को पिंपरीत आली, तिच्यामागे सुटे भाग करणारे आले, त्यांच्यामागे आमच्यासारखे. ब्रॅकेटवाले.

त्याच दशकात कराचीचा काळा छपरा पाडला. तीसेक वर्षं तो उभा होता आणि ज्याच्यासाठी बांधला ते एकदाही आत आलं नाही.

पुरंदरचं जाहीर झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात दादांनी विहिरीला हात घातला. चाळीस फुटांवर पाणी लागलं. आता ते सकाळी मोटर चालू करून वर बघत बसतात, लोहगावकडे उतरणारं विमान दिसलं की वेळ सांगतात. मी त्यांना आर-१०१ ची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, त्या पत्रवाल्या इन्स्पेक्टरला कुणी बसवलं नव्हतं ना त्यात?

नाही, म्हटलं. तो खालीच होता.